लाइन क्लिअर

माझे वडील स्टेशनमास्तर होते. नागपूर-इटारसी मार्गावर काटोल, नरखेड अशी त्यांची नोकरी फिरली. रात्रपाळीला कधी मी त्यांच्या टेबलापाशी जाऊन बसायचो. शेजारच्या स्टेशनशी फोनवर बोलणं व्हायचं. आधी गाडीचा नंबर, मग लाइन क्लिअर, मग दोन आकड्यांचा प्रायव्हेट नंबर. पलीकडचा मास्तर आपल्या छापील कागदावरचा आकडा सांगायचा आणि तिथल्या तिथे खोडायचा. वडील तो वहीत लिहून घ्यायचे. एकदा मी विचारलं, तिकडून काही बोललेच नाहीत तर? "तं गाडी उभी," ते म्हणाले. "अजून काय?"

मी नेटवर्कचं काम करतो, आयटी पार्ककडे. गिऱ्हाइकांचे शंभरावर स्विच आणि राउटर. प्रत्येकात शिरायचं, पासवर्ड द्यायचा, आज्ञा टाइप करायची, पान भरलं की तळाशी 'मोअर' येतं तेव्हा स्पेसबार दाबायचा. हे हाताने करताना तिसाव्या यंत्राला डोकं बधिर होतं.

सुरुवातीला वाटलं, उत्तरं आधीच एका फाइलीत लिहून पाइपने आत ढकलावीत. जमलं नाही. दूरच्या यंत्रात शिरायचा प्रोग्राम, एसएसएच, पासवर्ड त्या पाइपमधून घेतच नाही, थेट टर्मिनलकडे मागतो. दुसरी गोम अशी की पुष्कळसे प्रोग्राम समोर टर्मिनल असेल तर ओळीओळीने बोलतात, पाइप असेल तर काही हजार अक्षरं साठेपर्यंत तोंड उघडत नाहीत. म्हणजे प्रश्न त्याच्या पोटात अडकलेला आणि आपण बाहेर प्रश्नाची वाट बघत बसलेले.

यावरचा तोडगा म्हणजे सोंग. आपण लिहिलेली स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची यादी, प्रोग्रामपुढे खोटं टर्मिनल मांडते. युनिक्समध्ये टर्मिनलला अजून टीटीवाय म्हणतात, ते टेलिटाइपचं उरलेलं नाव. या सोंगाच्या जोरावर डॉन लिब्स यांनी १९९० मध्ये एक्सपेक्ट हे साधन लोकांपुढे आणलं. ते अमेरिकेच्या मानक संस्थेत, एनआयएसटीत होते, आणि भाषा वापरली जॉन ऑस्टरहाउट यांची टीसीएल. मी वापरतो ते पायथनमधलं पीएक्सपेक्ट, नोआ स्परियर यांचं. भाषा कुठलीही असो, क्रियापदं दोनच: अमुक दिसेपर्यंत थांब, मग तमुक पाठव.

पाठवणं सोपं. पण समोरच्याचं बोलणं संपलं हे कशावरून धरायचं? टर्मिनलवर पूर्णविराम नसतो. मी '#' हे चिन्ह पकडलं, कारण राउटर आज्ञेसाठी तयार झाला की ओळीच्या शेवटी ते येतं. एका गिऱ्हाइकाच्या यंत्रात शिरताना चाळीस '#' ची नक्षी असलेली इशाऱ्याची पाटी यायची. माझी स्क्रिप्ट पाटीलाच दार समजून बडबडत सुटली. तेव्हापासून यंत्राचं नाव आणि त्याला चिकटलेलं '#' असं दोन्ही मिळून शोधतो.

उत्तराची घाईही नडते. 'पासवर्ड' हा शब्द छापणं आणि टाइप केलेलं लपवणं यांत निमिषभराचं अंतर असू शकतं. त्या फटीत उत्तर पोचलं तर पासवर्ड पडद्यावर, लॉगमध्ये उघडा. म्हणून पीएक्सपेक्ट पाठवण्याआधी ५० मिलिसेकंद मुद्दाम थांबतं. मला हा आकडा फार आवडतो. पुस्तकातून सुचणारा नाही तो, तोंड पोळल्यावर सुचणारा आहे.

माझं तोंड पोळलं ते मे महिन्यात. कूलरच्या घरघरीत, रात्री एकला, एक चलाख ओळ लिहिली: प्रश्नचिन्ह दिसलं की 'वाय' पाठव. चार रात्री छान चाललं. पाचव्या रात्री एका नव्या फर्मवेअरने वेगळंच विचारलं, साठवलेली जुनी मांडणी पुसू का? स्क्रिप्ट म्हणाली, हो. सात शाखांची जोडणी गेली. सकाळी गाडी काढून एकेका शाखेत जाऊन ती मांडणी हाताने भरली. चूक कुणाची हे कुणी विचारलं नाही, मलाच ठाऊक होतं.

याच्या नेमकं उलटं २०१९ मध्ये झालं. ओपनएसएसएचच्या ८.० आवृत्तीपासून अनोळखी यंत्राशी पहिल्यांदा जोडताना 'येस', 'नो' यांच्या जोडीला 'फिंगरप्रिंट', म्हणजे यंत्राच्या ओळखीचा ठसा, हा तिसरा पर्याय आला. प्रश्नाचा मजकूर बदलला, जुना मजकूर अक्षरशः शोधणाऱ्या माझ्या स्क्रिप्ट तीस सेकंद थांबून बंद पडल्या. मी तेव्हा चरफडलो. आज म्हणेन, त्या शहाण्या होत्या. न ओळखलेल्या प्रश्नाला उत्तर दिलं नाही, एवढंच तर केलं त्यांनी. आमच्यातले काहीजण अशा वेळी मुदत वाढवतात, काहीजण 'एंटर मारून बघ ना बे' म्हणतात. सगळ्यात वाईट म्हणजे ओळखीची तपासणीच बंद करून टाकणारे. ते फिंगरप्रिंट म्हणजे पलीकडच्या मास्तरचा आकडा आहे हो. तो न घेताच सिग्नल पाडायचा?

मी आता सगळ्या यंत्रांचे ठसे आधी गोळा करतो, एका फाइलीत ठेवतो. ठसा जुळला नाही, प्रश्न यादीत नसला किंवा मुदत संपली, तर स्क्रिप्ट पडद्यावरचा शेवटचा मजकूर जसाच्या तसा लिहून ठेवते आणि मला फोनवर कळवते. काल रात्री सव्वादोनला निरोप आला, त्रेचाळिसाव्या स्विचवर थांबली म्हणून. डोळे चोळत लॅपटॉप उघडला. बाजूच्या खोलीतून वडिलांनी विचारलं, काय झालं?

"उभी आहे," मी म्हटलं.