दोन मिळकती, एक हिशेब

बंगळूरच्या महादेवपुऱ्यात अर्धवेळ नोकरी सांभाळून स्वतंत्र सल्लागारी करणारे मराठी तरुण भेटतात. ‘कर तर आधीच कापला गेला,’ असा त्यांचा समज असतो. वस्तुतः कार्यालय पगारापुरताच कर कापते. ग्राहक व्यावसायिक शुल्कातून बहुधा १० टक्के. करपायरी मात्र दोहोंच्या बेरजेवर ठरते आणि ती बेरीज आपणच करावयाची असते. कपातीनंतर १०,००० रुपये वा अधिक कर उरणार असेल, तर जून, सप्टेंबर, डिसेंबर व मार्चच्या १५ तारखेपर्यंत हप्त्याहप्त्याने आगाऊ कर भरावा लागतो. चुकल्यास व्याज पडते. कार्यालयाला इतर उत्पन्न कळवून पगारातूनच वाढीव कपात करविण्याचीही सोय आहे. शुल्क हाती येताच कराचा वाटा बाजूला काढावा. घरापासून दूर राहणाऱ्याने तो पैसा आपला मानूच नये.