तळ्याच्या नावाचे गाव : बोम्मसंद्रा

बंगळूर शहरातून होसूर रस्त्याने दक्षिणेकडे निघाले, की वाटेत येणाऱ्या गावांच्या नावांत एक शब्द सारखा कानावर पडतो. होंगसंद्रा, सिंगसंद्रा, वीरसंद्रा आणि मग बोम्मसंद्रा. हा 'संद्रा' म्हणजे मूळचा 'समुद्र', असे जाणकार सांगतात. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या या पठारावर समुद्र कुठला? तर पूर्वीच्या राजांनी आणि गावकऱ्यांनी बांध घालून अडवलेले मोठे तळे. नद्या नसलेल्या या मुलखात पावसाचे पाणी अडवायचे, त्यावर नाचणी आणि भात पिकवायचा, गुरे पाजायची. तळे होते म्हणून गाव होते, आणि गावाने नावही तळ्याचेच घेतले.

मराठी माणसाला हा मुलूख अगदीच परका नाही. 1638 मध्ये बंगळूर विजापूरकरांच्या ताब्यात आले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीचे ठाणे झाले. आज मात्र पुण्या-मुंबईहून येणारा मराठी माणूस बहुधा दोनच कारणांनी या रस्त्याला लागतो. एक तर इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला असलेल्या मुलाकडे किंवा लेकीकडे, नाही तर डॉ. देवी शेट्टी यांच्या नारायण हृदयालयात कोणाची तरी शस्त्रक्रिया असते म्हणून. हे प्रसिद्ध रुग्णालय बोम्मसंद्र्यातच आहे.

पूर्वी या प्रवासाचा धसका वाटे. सिल्क बोर्डाच्या चौकात वाहने तासन् तास खोळंबत. 2010 मध्ये इलेक्ट्रॉनिक सिटीपर्यंतचा उंच रस्ता झाला, आणि 10 ऑगस्ट 2025 रोजी मेट्रोच्या पिवळ्या मार्गाचे उद्घाटन झाले. आर. व्ही. रोडपासून सुमारे 19 किलोमीटर आणि 16 स्थानके. शेवटचे स्थानक बोम्मसंद्रा. गंमत म्हणजे अखेरच्या टप्प्यातल्या काही स्थानकांच्या नावांना कंपन्यांची नावे जोडलेली आहेत. कोनप्पन अग्रहाराला इन्फोसिस फाउंडेशनचे, हेब्बगोडीला बायोकॉनचे आणि बोम्मसंद्र्याला डेल्टा इलेक्ट्रॉनिक्सचे. गावाच्या नावात तळे, तर स्थानकाच्या नावात कारखाना. या भागाचा सारा इतिहास जणू एका पाटीवर लिहिलेला!

फाटकाआडचे जग

स्थानकाच्या जिन्यावरून खाली उतरले, की औद्योगिक वसाहत सुरू होते. औषधे, यंत्रांचे सुटे भाग, विजेची उपकरणे, प्लॅस्टिक, रसायने, छपाई, तयार कपडे. एका गल्लीत दहा धंदे. यातले बहुतेक कारखाने स्वतःच्या नावाने बाजारात काहीच विकत नाहीत. कोणी मोटारीचा एक दट्ट्या करतो, कोणी औषधाच्या गोळीतले एक रसायन, कोणी शर्टाची फक्त शिलाई. हे सारे 'पुरवठादार'. नाव मोठ्या कंपनीचे, घाम यांचा.

सकाळी पाळी बदलताना हा भाग पाहण्यासारखा असतो. बसगाड्या आणि टेम्पोंतून बायकांचे थवेच्या थवे उतरतात. केसांत अबोली नाही तर मोगरा, हातात डबा, गळ्यात ओळखपत्र. कोणी आनेकलच्या खेड्यांतली, कोणी पलीकडे तमिळनाडूतल्या होसूरकडची, तर अलीकडे ओडिशा, झारखंड, आसामातून आलेल्या कोवळ्या मुलीही पुष्कळ. बंगळूरच्या कापड-शिलाईच्या धंद्यात बहुसंख्य स्त्रियाच आहेत.

अशा एखाद्या कारखान्यात पाऊल टाकले, की दाराजवळच्या भिंतीवर एक फलक हमखास दिसतो. कन्नड, हिंदी आणि इंग्रजीत छापलेला. बालमजूर ठेवणार नाही, वेठबिगारी नाही, जादा कामाचा मोबदला देऊ, स्त्री-पुरुष भेद करणार नाही, संघटना करण्याचा हक्क मानू, सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय सोडणार नाही. ही असते माल विकत घेणाऱ्या परदेशी कंपनीची आचारसंहिता. हजारो मैलांवरच्या ग्राहकाने इथल्या मालकाला घातलेली अट.

अट आली कुठून?

1991 मध्ये अमेरिकेच्या लेव्ही स्ट्रॉस कंपनीने आपल्या पुरवठादारांसाठी असे नियम केले, तेव्हा ही गोष्ट नवी होती. पुढे पाकिस्तानात फुटबॉल शिवणाऱ्या मुलांची छायाचित्रे पाश्चात्त्य मासिकांत झळकली आणि ग्राहक प्रश्न विचारू लागले. 1996 मध्ये पर्यावरण व्यवस्थापनाचे आयएसओ 14001 आणि 1997 मध्ये कामगारांच्या हक्कांसाठी एसए 8000 हे मानक आले. 2004 मध्ये इलेक्ट्रॉनिक्सच्या मोठ्या कंपन्यांनी एकत्र येऊन सामाईक संहिता केली. इन्फोसिस, बायोकॉन यांसारख्या बंगळूरच्या कंपन्यांनीही आपल्याला माल किंवा सेवा पुरवणाऱ्यांसाठी आचारसंहिता जाहीर केल्या आहेत.

यामागचा विचार घरातल्या गृहिणीलाही पटेल असाच आहे. आपले अंगण झाडून कचरा शेजारच्या दारात ढकलला, तर त्याला स्वच्छता म्हणत नाहीत. मोठी कंपनी आपला कारखाना चकचकीत ठेवील आणि धूर, सांडपाणी, अपुरी मजुरी असे सगळे पुरवठादाराच्या गळ्यात घालील, तर तिच्या अहवालातल्या हिरव्या झाडांच्या चित्रांना काय अर्थ?

म्हणून तपासनीस येतात. ते संकटकाळी बाहेर पडायची दारे उघडी आहेत का ते पाहतात, मुलींच्या वयाचे दाखले तपासतात, हजेरीपट आणि पगारपत्रक ताडून बघतात. पाळणाघर, पिण्याचे पाणी, संडास पाहतात. प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, घातक कचरा कोणाला दिला त्याच्या पावत्या, सांडपाणी शुद्ध करणारा संच, सारे यादीप्रमाणे. याचा फायदा झाला नाही असे नाही. पाळणाघर काय किंवा जादा कामाचा दुप्पट मोबदला काय, आपल्या 1948 च्या कारखाना कायद्यातही होतेच. पण सरकारी निरीक्षकाच्या भेटीने जे हलले नाही, ते मागणी रद्द होण्याच्या भीतीने काही ठिकाणी हलले.

यादीत नसलेले

तरीही यादी ती यादीच. 24 एप्रिल 2013 रोजी बांगलादेशात राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि 1134 माणसे गेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी कामगारांना आत बोलावले गेले. त्या इमारतीतल्या काही कारखान्यांची तपासणी त्यापूर्वी झालेली होती. पण इमारत उभी राहील की नाही, हा प्रश्न त्या यादीत नव्हता.

बोम्मसंद्रा आणि हेब्बगोडीचा परिसरही एकदा असाच अचानक पेटला. 2016 च्या फेब्रुवारीत भविष्यनिर्वाह निधीचा नियम बदलला. मालकाने भरलेला वाटा वयाच्या 58 व्या वर्षापर्यंत काढता येणार नाही, असे ठरले. पस्तिशी-चाळिशीतच डोळे आणि पाठ थकून शिलाई सोडणाऱ्या बाईला हे पैसे म्हणजे मुलीचे लग्न, डोक्यावरचे छप्पर, गावाकडे शिवणयंत्र. 18 एप्रिलला हजारो बायका होसूर रस्त्यावर उतरल्या. कोणी मोठा पुढारी नव्हता, मंडप नव्हता. दुसऱ्या दिवशी आंदोलनाला हिंसक वळण लागले. हेब्बगोडीच्या पोलीस ठाण्यावर दगडफेक झाली, वाहने जळाली, लाठ्या चालल्या. त्याच दिवशी केंद्र सरकारने नियम मागे घेतला. भिंतीवर एवढ्या आचारसंहिता लावलेल्या असूनही या बायकांच्या मनात काय साचले आहे, हे कोणत्याही तपासणीत उमटलेले नव्हते.

दुसरी हकीकत अधिक शांतपणे घडली, पण तिने पुष्कळ शिकवले. 1 एप्रिल 2020 पासून कर्नाटकातल्या शिलाई कामगारांना महागाई भत्त्यापोटी महिना 417 रुपयांची वाढ मिळायची होती. कोविडचे कारण देऊन राज्य सरकारने ती पुढे ढकलली. सप्टेंबर 2020 मध्ये उच्च न्यायालयाने ती देण्यास सांगितले, तरी अनेक कारखाने देईनात. प्रश्न चार लाखांहून अधिक कामगारांचा होता. वर्कर राइट्स कन्सॉर्शियम या अमेरिकेतल्या संस्थेने माल घेणाऱ्या कंपन्यांना त्यांच्याच आचारसंहितेची आठवण करून दिली. किमान वेतन देऊ, असे तुम्हीच लिहिले आहे ना? 2022 च्या सुरुवातीला एका मोठ्या निर्यातदाराने थकबाकी देण्याचे मान्य केले आणि मग इतरही पुढे आले. स्थानिक कामगार संघटनांचा रेटा आणि दूरच्या गिऱ्हाइकाचा शब्द एकत्र आला, तेव्हा भिंतीवरचा कागद पहिल्यांदा पगाराच्या पाकिटात उतरला.

तळे काय सांगते?

पाण्याची कथा याहून अवघड. सांडपाणी शुद्ध करायचे तर आधी त्यातली आम्लता मोडायची, मग जिवाणूंकडून घाण खाऊ घालायची, मग बारीक पडद्यांतून गाळायचे आणि उरलेले खारट पाणी आटवून मीठ वेगळे काढायचे. वीज, रसायने, माणसे, सगळे खर्चाचे. मोठा कारखाना हे करू शकतो. पण त्याच्याकडून काम घेणारा छोटा, आणि त्याच्याकडून घेणारा आणखी छोटा? तपासनीस सहसा पहिल्या दारापर्यंत येतो, तिसऱ्या दारापर्यंत पोचत नाही. नाल्याला मात्र कोणते पाणी कोणत्या दारातून आले, याच्याशी काही देणेघेणे नसते. ते उतारावरून तळ्यात जाते.

बोम्मसंद्र्याच्या अगदी खाली चंदापुरा आहे. तिथल्या तळ्यात कारखान्यांचे आणि वस्त्यांचे सांडपाणी येत राहिले. ते रोखण्यात कसूर केल्याबद्दल ऑक्टोबर 2022 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने कर्नाटक सरकारला 500 कोटी रुपयांची भरपाई ठरवली. पंचगंगेच्या काठच्या मराठी वाचकाला हे नवे वाटणार नाही. इचलकरंजीच्या रंगाच्या पाण्याने तीच व्यथा तिथे मांडलेली आहे.

चित्र सगळेच काळे नाही. हेब्बगोडीचे तळे बायोकॉनच्या संस्थेने पुढाकार घेऊन सावरले. पाण्यावर तरंगते वाफे सोडून त्यांवर अशी झाडे लावली, की त्यांची मुळे पाण्यातली घाण शोषून घेतात. मेलेले तळे श्वास घेऊ शकते, हे त्यातून दिसले. पण घाण आल्यावर धुण्यापेक्षा ती येऊच न देणे स्वस्त, हेही तितकेच खरे.

कायदाही आता त्या दिशेने वळला आहे. सेबीने मोठ्या नोंदलेल्या कंपन्यांना पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल 2022-23 पासून सक्तीचा केला. त्यांच्या महत्त्वाच्या पुरवठादारांची माहितीही द्यावी, असे 2023 मध्ये ठरले. मात्र उद्योगांच्या अडचणी पाहून हा भाग पुढे ऐच्छिक करण्यात आला. जर्मनीत पुरवठा साखळीचा कायदा 2023 मध्ये लागू झाला.

मात्र पुरवठादाराचे म्हणणेही ऐकायला हवे. तो म्हणतो, 'नियम दरवर्षी वाढतात, भाव मात्र दरवर्षी कमी मागतात. पाणी शुद्ध करायचे, पगार वाढवायचा, माल दहा दिवस आधी द्यायचा आणि किंमत गेल्या वर्षीचीच. हे कसे जमायचे?' त्याचा प्रश्न खोटा नाही. जो अट घालतो त्याने तिच्या खर्चाचा वाटाही उचलला पाहिजे. नाही तर हजेरीचे दोन पट तयार होतात, एक खरा आणि एक तपासनिसाला दाखवायचा.

संध्याकाळी पाळी सुटते. सकाळचा मोगरा कोमेजलेला असतो, डबे रिकामे असतात. बायका घोळक्याने बसकडे निघतात. एखादी मेट्रोच्या जिन्याकडे वळते. वर स्थानकाच्या पाटीवर दिवे लागतात आणि त्या उजेडात नाव वाचता येते, बोम्मसंद्रा.

घरी नवा शर्ट आणला, की आपण कॉलरच्या पट्टीवर माप बघतो, किंमत बघतो. तो कोणी शिवला आणि त्याच्या रंगाचे पाणी कुठल्या तळ्यात गेले, हे त्या पट्टीवर लिहिलेले नसते. दुकानदाराला ते विचारणारे गिऱ्हाईक आज विरळाच. पण तीस वर्षांपूर्वी हा प्रश्न थोड्या लोकांनी विचारला, म्हणूनच बोम्मसंद्र्याच्या भिंतीवर तो फलक लागला. फलक खरा ठरवायचा, तर विचारणे चालू ठेवायला हवे.