कमी दाबाची बंदूक

मोठ्या जनावरासाठी बंदूक निवडताना आधी ताकद विचारली जाते. 1912 मध्ये आलेल्या पॉइंट 375 मॅग्नम काडतुसाची 300 ग्रेनची गोळी सेकंदाला साधारण 770 मीटर वेगाने सुटते; तिला हाड फोडून खोल शिरायचं असतं. डिसेंबर 2025 मध्ये भाईंदर पूर्वेत बिबट्या निवासी इमारतीत शिरला, माणसं जखमी झाली. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या इतक्या जवळच्या, तिथल्याच इंद्रलोकसारख्या वस्तीत उद्या तोच प्रसंग आला, तर लागणाऱ्या भुलीच्या बंदुकीचं गणित मात्र उलटं आहे. डार्टने मांडीच्या स्नायूत शिरून तिथेच थांबायला हवं. जिन्यातल्या आठ-दहा मीटरवर जास्त दाब ठेवला, तर तोच डार्ट हाड मोडतो, पोटात घुसला तर जीव घेतो. म्हणून माझ्या मते कार्बन डायऑक्साइडवर चालणारी, दाब कमी-जास्त करता येणारी बंदूकच इथे योग्य. दाब बदलला की डार्टचा मार्गही बदलतो. एका दाबावर जुळवलेली दुर्बीण दुसऱ्या दाबावर फसवते. भारी दुर्बिणीपेक्षा अंतराचा अचूक अंदाज मोलाचा.

डार्टची सुईही पाहण्यासारखी असते. तिचं छिद्र बाजूला असतं, त्यावर सिलिकॉनची छोटी नळी. सुई कातडीत शिरताना ही नळी मागे सरकते आणि मागच्या कप्प्यातली दाबलेली हवा औषध आत ढकलते. ते औषध, बहुधा केटामाइन आणि झायलझीन, वजनावर ठरतं. मादी तीसेक किलोची, नर पन्नाशीपुढचा. हा फरक खिडकीतून दिसणाऱ्या अर्ध्या अंगावरून ओळखावा लागतो.

लोक विचारतात, भूल चढायला पाच ते पंधरा मिनिटं लागतात, तेवढ्यात बिबट्याने कुणाला फाडलं तर? गोळी का नको? प्रश्न रास्त आहे. पण रायफलची गोळी जनावरातून आरपार जाते, काँक्रीटवरून उसळते, आणि भिंतीपलीकडे बिऱ्हाड असतं. 1972 चा वन्यजीव कायदाही पकडणं किंवा बेशुद्ध करणं शक्य असताना मारण्याची परवानगी देत नाही. जोराचा डोस हाही उपाय नव्हे. झायलझीनवर उतारा आहे, केटामाइनवर नाही. श्वास मंदावला तर हातात फार थोडं उरतं. आरडाओरड्याने बिथरलेल्या जनावराला भूल उशिरा चढते. म्हणून चाप ओढण्याआधी जिना रिकामा करणं, दारं बंद करवणं आणि गच्चीवरची गर्दी हटवणं हेही माझ्या लेखी नेमबाजीतच मोडतं.