ओतूरच्या दगडात समुद्र शोधताना

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही ओतूरला दादींच्या घरी गेलो, तेव्हा थोरल्याच्या दप्तरात शाळेचा एक कागद होता. ‘आपल्या गावच्या मातीत सापडलेली जुनी वस्तू’ आणायची आणि तिची माहिती लिहायची, असा सुट्टीचा प्रकल्प. त्याने त्या कागदावर आधीच पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं : समुद्री जीवाश्म.

असं लिहायला त्याच्याकडे कारण होतं. हिमालयाच्या दगडांत समुद्रातले शंख सापडतात, हे त्याने पुस्तकात वाचलं होतं. त्यात शेजारच्या आजोबांनी भर घातली. मांडवी नदीकाठच्या कपर्दिकेश्वराच्या देवळाबद्दल बोलताना ते म्हणाले, “अरे, कपर्दिका म्हणजे कवडी.” कवडी समुद्रात मिळते, म्हणजे इथे कधीतरी समुद्र असणारच, असा हिशेब मुलाने तिथल्या तिथे मांडला. आम्हालाही तो पटला, हे कबूल केलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी फजरच्या नमाजनंतर चहा घेऊन आम्ही चौघं निघालो. दादींनी भाकरी, कांदा आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. माळशेजच्या रस्त्याने पिंपळगाव जोगा धरणाच्या पाण्याकडे वळलो. मे महिन्यात पाणी खूप मागे सरकतं. एरवी बुडालेली जमीन उघडी पडते. वरून ती वाळून भेगाळलेली दिसते, पण पाण्याजवळ पाय टाकला की घोट्यापर्यंत आत जातो. धाकटीची चप्पल दोनदा चिखलात राहिली. दहा वाजेपर्यंत उन्हाने डोकं भणभणायला लागलं. सावलीला झाड नाही, आणि पाण्याची एकच बाटली उरली होती.

तेवढ्यात थोरला ओरडला, “सापडलं!” त्याच्या हातात पांढरा शिंपला होता. आतून मोत्यासारखा चमकणारा. आम्ही सगळे धावलो. पण शिंपला हलका होता, त्याची वरची तपकिरी साल अजून शाबूत होती, आणि आजूबाजूला तसेच आणखी दहा-बारा पडले होते. हे गोड्या पाण्यातले शिंपले. पाणी आटलं आणि मेले, या उन्हाळ्यातले किंवा फार तर गेल्या. दगड झालेलं त्यात काहीच नव्हतं. मुलाचा चेहरा उतरला.

मग आम्ही काठाचे काळे दगड पाहू लागलो. काहींच्या पोटात पांढरे स्फटिक चमकत होते, काहींना नुसतीच भोकं होती. शंख एकाही दगडात नव्हता. असणार कुठून? सह्याद्रीचा हा काळा दगड म्हणजे थंड झालेला लाव्हा. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा पुन्हा पुन्हा बाहेर आला आणि थरावर थर साचत गेले. आज उरलेला हा दगडच सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. माळशेजच्या कड्यांवर ज्या आडव्या पायऱ्या दिसतात, त्या याच थरांच्या. लाव्ह्यातले वायूचे बुडबुडे निघून गेले, त्यांची भोकं राहिली, आणि पुढे त्यांतून झिरपलेल्या पाण्यातल्या क्षारांनी ते स्फटिक घडवले. शिंपला दगड व्हायला तो गाळात हळूहळू गाडला जावा लागतो. आगीच्या रसात तो टिकत नाही.

समुद्राचे जीवाश्म पाहायचे तर कच्छला जावं लागतं, नाहीतर मध्य प्रदेशात नर्मदेच्या खोऱ्यातल्या बाघला. आंध्रात राजमहेंद्रीजवळ तर लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये सापडलेल्या गाळात समुद्री शंख आहेत, कारण तिथे लाव्हा समुद्राच्या काठापर्यंत पोचला होता. ओतूरला तसं काही नाही.

दुपारी वळवाचं आभाळ भरून आलं. काठावरून परत फिरेपर्यंत टपोरे थेंब सुरू झाले आणि काळी माती पायांना अशी चिकटली की प्रत्येक पाऊल शेरभर जड. एका शेतकरीदादांच्या पडवीत आम्ही जोहरची नमाज पढली. त्यांनी न विचारता पाण्याचा तांब्या पुढे केला. तिथेच भाकरी खाताना मुलगा हळूच म्हणाला, “अब्बा, नानीच्या घरचा दगड आहे ना आपल्याकडे. तोच देऊ.”

नानीचं घर रायगडच्या किनाऱ्यावर. तिथे वाळू आणि शिंपले एकत्र घट्ट होऊन बनलेला एक दगड मिळतो, त्याला करळ म्हणतात. गेल्या ईदला त्याने त्याचा एक तुकडा आणला होता. त्यात शिंपल्यांचे तुकडे ठासून भरलेले. ओतूरला सापडला म्हणून सांगितलं, तर शाळेत कोण ओळखणार?

खरं सांगायचं तर आम्ही लगेच ‘नाही’ म्हणालो नाही. दिवसभराची पायपीट, रडवेला मुलगा, वर पाऊस. “एवढंसं तर आहे,” असं आमच्यापैकी एकाच्या तोंडून निघूनही गेलं. तेव्हा धाकटी म्हणाली, “मग ते खोटं नाही का होणार?” पडवीत कोणीच काही बोललं नाही. लहान मुलांना फसवायच्या खोट्यासुद्धा खोट्यात मोजल्या जातात, हे त्यांना शिकवणारे आम्हीच होतो.

घरी आल्यावर दादींना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “जे नाही ते कशाला आणता? जे आहे ते बघा की.”

दोन दिवसांनी, माती वाळल्यावर, आम्ही आळेफाटा ओलांडून बोरी बुद्रुकला गेलो. कुकडी नदीचा काठ तिथे पावसाच्या पाण्याने चिरत गेलेला आहे. उतरायला वाट अशी नाही. बाभळीचे काटे आणि पायाखाली सरकणारे खडे. एकमेकांचे हात धरून खाली उतरलो. काठाच्या मातीत एक पांढुरका, राखाडी पट्टा दिसतो. ही ज्वालामुखीची राख आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी 1980च्या दशकात तिच्याकडे जगाचं लक्ष वेधलं. पण ही राख सह्याद्रीच्या लाव्ह्याची नाही, ती त्याच्या कितीतरी नंतरची आहे. इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावर टोबा नावाचा ज्वालामुखी आहे, आज तिथे मोठं सरोवर आहे. ही राख तिथून आलेली. तीन हजार किलोमीटरांहून जास्त अंतर वाऱ्यावर कापून, अख्खा बंगालचा उपसागर ओलांडून ती कुकडीच्या खोऱ्यात पडली.

टोबाचा सर्वांत मोठा स्फोट सुमारे 74 हजार वर्षांपूर्वीचा. बोरीची राख त्याच स्फोटाची की त्याआधीच्या एखाद्या, यावर अभ्यासकांत बरीच वर्षं वाद झाला आहे. वाद महत्त्वाचा अशासाठी, की इथे अश्मयुगातल्या माणसांची दगडी हत्यारंही मिळाली आहेत, हातकुऱ्हाडीसारखी. राखेचं वय ठरलं तर ती हत्यारं किती जुनी हे ठरवायला मदत होते. म्हणजे आपल्या जुन्नर तालुक्यातल्या एका ओढ्याघळीच्या काठावर, माणूस या देशात केव्हापासून राहतो, या प्रश्नाचा एक धागा आहे.

मुलगा त्या पट्ट्यासमोर बराच वेळ बसून राहिला. मग म्हणाला, “म्हणजे समुद्र इथे आला नाही. पण समुद्रापलीकडून काहीतरी आलं.” आम्ही सुब्हानअल्लाह म्हणालो, दुसरं सुचलं नाही.

राख उचलून न्यावी असं त्याच्या फार मनात होतं. आम्ही नेऊ दिली नाही. अशा ठिकाणी एकेक मूठ नेली तरी पुरावा संपतो, आणि हत्यार तर जागेवरून हललं की त्याची अर्धी गोष्ट नाहीशी होते. त्याने वहीत चित्र काढलं, आम्ही फोटो घेतले.

रात्री अंगणात बसून कवडीचा हिशेबही सुटला. कवड्या मालदीवच्या समुद्रातून येत. हिंदुस्थानात शतकानुशतकं त्या सुट्ट्या नाण्यासारख्या चालत. इब्न बतूता 1343-44 मध्ये मालदीवला काझी होता, त्यानेही या व्यापाराबद्दल लिहून ठेवलं आहे. किनाऱ्यावरचा माल नाणेघाट चढून जुन्नरला यायचा, तो सातवाहनांच्या काळापासून. रशियन प्रवासी निकितीनही पंधराव्या शतकात अरबी समुद्र ओलांडून चौलला उतरला आणि जुन्नरला येऊन पावसाळाभर अडकला. कवडीवरून इथे समुद्र होता असं सिद्ध होत नाही. समुद्राकडून इथे येणारी वाट होती, एवढं मात्र नक्की कळतं.

आणि हे असले प्रश्न आपल्याकडे नवे नाहीत, हेही मुलांना सांगितलं. 973 साली जन्मलेल्या अल-बिरूनीने हिंदुस्थानात पाहिलं, की डोंगराजवळ नदीतले गोटे मोठे असतात, पुढे लहान होत जातात आणि शेवटी वाळू उरते. त्यावरून त्याने लिहिलं, की उत्तरेचं मैदान पूर्वी समुद्र होतं आणि नद्यांच्या गाळाने ते भरलं. अरबस्तानच्या वाळवंटात विहिरी खणताना दगडांत शिंपले निघतात, हीही नोंद त्याची. त्याने दगडाकडे पाहून निष्कर्ष काढला. आमच्यासारखा आधी निष्कर्ष काढून मग दगड शोधला नाही. जमिनीवर फिरून निर्मितीची सुरुवात कशी झाली ते पाहा, असं सूरह अन्कबूत (29:20) सांगते. त्यात ‘पाहा’ आधी येतं, हे आम्हाला या सुट्टीत नीट कळलं.

जूनमध्ये शाळा उघडली. मुलाने ओतूरचा भोकं पडलेला काळा दगड नेला, शेजारी नानीच्या घरचा करळ ठेवला, आणि दोन्हींखाली त्यांची खरी गावं लिहिली. मध्ये बोरीच्या राखेचं चित्र. वर मोठ्या अक्षरांत मथळा : ‘आमच्या गावात समुद्र नव्हता.’

बक्षीस मिळालं नाही. पण त्याचे दोन मित्र आता बोरी पाहायला यायचं म्हणतात. दिवाळीच्या सुट्टीत, इन्शाअल्लाह, त्यांना घेऊन जाऊ. दादींनी भाकऱ्यांचं कबूल केलं आहे.