पंप चांगला होता

माझ्या जीपचा इंजेक्शन पंप चांगला होता. तरीही तो मी उतरवायला लावला, पंपरूमला पाठवला आणि भरपूर पैसे मोजून परत बसवला. चारही नोझल काढून तपासून घेतले. खरा दोष टाकीजवळच्या एका रबरी पाइपात होता. यात गॅरेजवाल्याला बोल लावता येणार नाही. ‘पंप गेलाय, उतरवा’ हे मीच त्याला सांगितले होते. त्याने सांगितलेले काम केले.

गाडी जुन्या बनावटीची, कॉम्प्युटर नसलेली, डिझेलवर चालणारी फोर-व्हील. घर पेणला, शेत रोहा तालुक्यात. पावसाळ्यात शेतापर्यंतचा शेवटचा चिखलाचा रस्ता अशाच गाडीने पार होतो. जाणे-येणे वडखळ, नागोठणे आणि पुढे भिसे खिंडीतून. सपाटीवर गाडी बरी चाले. खिंडीचा चढ लागला आणि मागे खताची पोती असली, की पिकअप जाई, इंजिन मिसिंग करू लागे, झटके बसत. सकाळी चालू व्हायलाही ती फार वेळ घेई.

पहिली चूक म्हणजे मी धूर पाहिलाच नाही. चढावर गाडी दम सोडते तेव्हा मागून काय येते, यावर निम्मे निदान होते. काळा धूर असेल तर डिझेलच्या मानाने हवा कमी पडते आहे. मग एअर फिल्टर पाहावा, टर्बो असेल तर त्याचे होज पाहावेत. निळा धूर ऑइल जळत असल्याचा. गाडी ओढत नाही आणि धूरही नाही, तर बहुधा इंजिनापर्यंत डिझेलच पुरेसे पोहोचत नाही. माझ्या गाडीला चढावर धूर जवळजवळ नव्हता. मागून येणाऱ्या मित्राने तसे सांगितलेही होते. मला ते चांगले लक्षण वाटले.

दुसरी चूक फोर-व्हीलची. ताकद कमी वाटते म्हणून मी कोरड्या डांबरी रस्त्यावरही पुढच्या चाकांचा गिअर टाकून चढ चढू लागलो. फोर-व्हीलने इंजिनाची ताकद वाढत नाही, ती फक्त चारही चाकांत वाटली जाते. वळणावर पुढची आणि मागची चाके सारखे अंतर कापत नाहीत. चिखलात ती थोडी घसरून हा फरक भरून काढतात, डांबरावर तसे होत नाही. ताण शाफ्ट आणि गिअरवर येतो, स्टिअरिंग जड होते. गाडी आणखीच अडखळू लागली आणि माझा पंपावरचा संशय पक्का झाला.

तिसरी चूक सर्वांत महाग पडली. प्रत्येक दुरुस्तीनंतर गाडी काही दिवस छान चाले, म्हणून बदललेल्या भागालाच मी श्रेय देत गेलो. डिझेल फिल्टर बदलला, गाडी सुधारली. नोझल केले, सुधारली. पंप केला, सुधारली. पण या प्रत्येक कामाच्या शेवटी दोन गोष्टी ठरलेल्या होत्या: लाइनमधली हवा काढली जाई आणि घरी परतताना मी टाकी फुल करी. गुण त्या दोन गोष्टींचा होता. टाकी अर्ध्याखाली आली की दुखणे परत येई. मग मी पेट्रोल पंपावरच्या डिझेलला दोष दिला, चारचौघांत तसे बोललोही. पुढे बाटलीत डिझेल काढून ठेवून पाहिले. ते स्वच्छ होते, तळाला पाणी नव्हते. ज्यांच्याजवळ बोललो होतो, त्यांना ते जाऊन सांगितले.

शेवटी रोह्यातल्या एका वयस्क मेस्त्रींनी गाडी नीट पाहिली. त्यांनी विचारले, “दादा, टाकी भरलेली असताना असं होतं का?” मी आठवून पाहिले. होत नव्हते. “मग पंप कशाला खोलायचा? आधी टाकीपासून येऊ.”

त्यांनी टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाच्या अलीकडे पारदर्शक पाइपचा तुकडा जोडला. इंजिनाचा वेग वाढवताच त्यात बुडबुडे धावताना दिसले. मग टाकीचा पाइप सोडवून फीड पंपाला थेट डिझेलच्या कॅनमधून पुरवठा दिला. कॅन घट्ट बांधून आम्ही चढावर गेलो. गाडी एकदाही अडखळली नाही. म्हणजे दोष टाकी आणि फीड पंप यांच्यामध्येच होता. चेसिसच्या वळणावर, क्लिपेखाली रबरी पाइपला चीर गेली होती.

तिथे डिझेल गळत नव्हते, म्हणून ती कोणाला दिसली नाही. फीड पंप डिझेल ओढून घेतो. त्यामुळे टाकीपासून त्याच्यापर्यंतच्या पाइपला चीर पडली तर डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. टाकी रिकामी होत जाईल तशी ओढ वाढते आणि हवाही जास्त शिरते. नोझल उघडायला शंभराहून अधिक बार दाब लागतो. हवा दाबली जाते, त्यामुळे तो दाब तयारच होत नाही आणि सिलिंडर चुकतो. गाडी रात्रभर उभी राहिली की डिझेल टाकीकडे उतरते. सकाळचा त्रास त्याचाच होता.

जुनी डिझेल गाडी असलेल्यांनी हा क्रम ठेवावा: टाकीचे झाकण आणि हवेचे भोक, टाकीतली जाळी, पाइप आणि क्लिपा, डिझेलमधले पाणी साठणारी वाटी, फिल्टर, फीड पंप. हे सगळे निर्दोष ठरल्यावरच नोझल आणि इंजेक्शन पंप. एका वेळी एकच भाग बदलावा. कॉमन रेल इंजिनात मात्र दाब हजार बारच्या वर जातो. चालू इंजिनाचा पाइप सैल केला तर डिझेलची धार कातडीत शिरते. ते काम स्कॅनर असलेल्या जाणकारावर सोडावे.

आणि मेस्त्रीकडे जाताना निदान घेऊन जाऊ नका. टाकीत डिझेल किती होते, चढ होता की सपाटी, धूर कसला होता, गाडी गार होती की तापलेली, एवढेच पाहून ठेवा आणि तेवढेच सांगा.