खंडाळ्याचे दफ्तरदार

खंडाळ्याला आपण जातो ते हवा खायला. राजमाची पॉइंटवर उभे राहून दरीतले धुके पाहावे, मुलांना नागफणीचे टोक दाखवावे, लोणावळ्याच्या चिक्कीचे पुडे पिशवीत टाकावेत आणि संध्याकाळच्या गाडीने परतावे. त्या डोंगराशी आपली ओळख एवढीच. तिथल्या झाडाझुडपांना आपण सरसकट एकच नाव देतो, ‘हिरवळ’!

या हिरवळीतल्या एकेकाला नावानिशी ओळखणारे गृहस्थ मात्र दूर स्पेनमधून आले होते. फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव यांचा जन्म १९०३ साली तारागोना प्रांतात झाला. ते जेझुइट पंथाचे धर्मगुरू, आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक.

घाटातल्या कितीतरी रोपांचे सारे आयुष्य मृगापासून दिवाळीपर्यंतचे. चवर पावसाच्या आरंभी फुलते, तेरडा श्रावणात, तर सोनकी भाद्रपदात उतार पिवळे करून सोडते. एकदाच जाणाऱ्याला यातले सगळे कसे दिसावे? म्हणून फादर त्याच त्या वाटांनी पुन्हा पुन्हा हिंडले. वनस्पतिशास्त्रज्ञाची रीत अशी, की फुलासकट डहाळी घ्यायची, कागदात दाबून वाळवायची, जाड कागदावर चिकटवायची आणि खाली स्थळ व तारीख लिहायची. कुळकर्ण्याच्या दफ्तरात जशी एकेका शेताची नोंद, तशी ही झाडांची. झेवियर्समध्ये असे मोठे दफ्तर आहे. फादरांच्या आधी तेथे काम केलेल्या फादर ब्लॅटर या स्विस धर्मगुरूंचे नाव त्याला दिले आहे. या खटाटोपातून १९५३ साली खंडाळ्याच्या वनस्पतींवरचा फादरांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला.

आपली कारवीच घ्या. तिच्या काठ्यांचे कूड शेणामातीने लिंपून घाटातल्या माणसांनी घरे उभारली. सात वर्षे ती नुसती झुडूप असते; आठव्या वर्षाच्या सुमाराला सारा डोंगर एकदम निळा-जांभळा होतो, बी धरते आणि झाड वाळून जाते. या कारवीच्या गोतावर फादरांनी लेखनही केले. शास्त्रज्ञांच्या लॅटिनमध्ये ‘कार्व्हिया’ असे नावही रूढ झाले. आमचा अस्सल घाटी शब्द असा सातासमुद्रापार गेला, आणि आमची मुले मात्र कारवीला ‘ती जांभळी फुले’ म्हणतात.

१९५४ साली सरकारने फादरांना भारतीय वनस्पती सर्वेक्षण खात्यात बोलावले. पुढे ते त्याचे संचालक झाले. १९६७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि १९७० साली मुंबईत त्यांचे निधन झाले.

त्यांच्यानंतर खंडाळा पुष्कळ बदलला. हॉटेले, बंगले झाले, २००२ साली द्रुतगती मार्ग पुरा झाला. कापलेल्या उतारावर पूर्वी काय उगवत होते, हे विचारायचे कोणाला? जमिनीचा तंटा उठला म्हणजे जुने दफ्तर काढावे लागते, डोंगराचेही तसेच. आपण काय गमावले हे ठरवायला आधी काय होते याचा कागद हवा, आणि तो फादरांनी करून ठेवला आहे.

या सुट्टीत खंडाळ्याला गेलात तर चिक्की जरूर घ्या. पण वाटेत गुरे वळणारे कोणी भेटले तर दोन झुडपांची नावेही विचारून घ्या, आणि घरी आल्यावर मुलांकडून ती तारखेसह वहीत लिहवून घ्या.