पाकिटातले पैसे, कार्डातले पैसे

'टिप' या शब्दाला मराठीत नेमका प्रतिशब्द सापडत नाही. याचे कारण शब्दांची टंचाई हे नसून शब्दांची रेलचेल हे आहे. बक्षीस आहे, पोस्त आहे, दक्षिणा आहे, ओवाळणी आहे, चहापाणी आणि चिरीमिरीही आहे. अडचण अशी की यांतला प्रत्येक शब्द देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची जागा आधीच ठरवून टाकतो. दक्षिणा खालून वर जाते, बक्षीस वरून खाली येते. पोस्त वर्षातून एकदा, दिवाळीला, आणि तीही आपल्याकडे राबणाऱ्यालाच. चिरीमिरी टेबलाखालून. यांपैकी कोणतेही नाते कबूल न करता पैसे देता यावेत म्हणून की काय, आपण हॉटेलाबरोबर आलेला 'टिप' हा परका शब्द तसाच ठेवून घेतला. तो शब्द कुठलेच नाते सांगत नाही, आणि त्याची सोय नेमकी यातच आहे.

या सोयीचा विचार मला करावा लागला तो एका माजी विद्यार्थ्यामुळे. वेंगुर्ले तालुक्यातला हा मुलगा बी. ए. झाल्यावर एका मोठ्या प्रवासी जहाजावर केबिन स्टुअर्ड म्हणून गेला आणि तेथे आठ वर्षे राहिला. यात नवल काहीच नाही. गोवा आणि दक्षिण कोकण यांचे दर्यावरच्या नोकरीशी पिढ्यान्पिढ्यांचे नाते आहे. गोव्यात अशा माणसाला तारवटी म्हणतात. ब्रिटिश कंपन्यांच्या आगबोटींवर गोव्याचे स्टुअर्ड आणि आचारी असत, आणि दोन नोकऱ्यांच्या मधल्या दिवसांत त्यांना आसरा देणारे, गावागावांच्या नावांनी चालणारे कूड मुंबईत धोबीतलाव-माझगाव भागात आजही आहेत. आगबोटी गेल्या, क्रूझ आल्या. आमच्या किनाऱ्याची मुले मात्र जातच राहिली. नवे होते ते त्याने सांगितलेले पैशांचे व्याकरण.

पूर्वी अमेरिकन बाजारपेठेतल्या बहुतेक क्रूझवर प्रथा अशी होती. सफरीच्या शेवटच्या दिवशी प्रवाशांना छापील पाकिटे मिळत. एकावर वेटर, दुसऱ्यावर त्याचा मदतनीस, तिसऱ्यावर केबिन स्टुअर्ड. कोणाला दिवसागणिक किती द्यावे हेही जहाजाच्या रोजच्या पत्रकात सुचवलेले असे. आठवडाभर ठरलेल्या टेबलावर ठरलेलाच वेटर वाढत असल्यामुळे शेवटच्या रात्री ही पाकिटे हातोहात दिली जात. घेणाऱ्याने ते तिथल्या तिथे उघडायचे नाही, हसायचे, आभार मानायचे आणि पाकीट खिशात टाकायचे. उघडायचे ते खाली, पाण्याच्या पातळीशेजारच्या, दोघांनी मिळून वापरायच्या खोलीत. मग त्यातून मदतनिसाचा वाटा काढायचा. चादरी वेळेवर मिळाव्यात म्हणून कधी धुलाईखान्यातल्या माणसाचा हातही ओला करायचा. टिप घेणाऱ्यालाही टिप द्यावी लागते, हे मला त्याच्याकडूनच कळले. उरलेले डॉलर कपाटात कुलूपबंद करायचे आणि जहाज बंदराला लागले की मोकळ्या तासा-दोन तासांत पैसे पाठवण्याच्या कार्यालयापुढे रांग धरायची. घरी परतताना नोटा जवळ असतील तर त्याचाही हिशेब. भारतात उतरणाऱ्याजवळ 5,000 डॉलरहून अधिक किमतीच्या परकी नोटा असतील तर त्या कस्टमला लिहून द्याव्या लागतात.

2000 सालच्या सुमारास ही व्यवस्था बदलू लागली. नॉर्वेजियन क्रूझ लाइनने त्या वर्षी ठरलेले टेबल आणि ठरलेली वेळ ही प्रथाच मोडली. रोज नवे टेबल, रोज नवा वेटर. मग पाकीट द्यायचे कोणाला? त्याच्या आगेमागे प्रवाशाच्या बिलात दर दिवसाला ठरावीक सेवाशुल्क आपोआप मांडण्याची पद्धत एकेका कंपनीने स्वीकारली. रॉयल कॅरिबियनने ती 2013 मध्ये आणली. आज मोठ्या अमेरिकन कंपन्यांचा हा आकार माणशी दिवसाला साधारण 16 ते 20 डॉलर असतो. 16 धरला तरी दोघांच्या केबिनला सात दिवसांचे 224 डॉलर होतात. ही रक्कम एका निधीत जाते आणि वेटर-स्टुअर्डांबरोबरच प्रवाशाला कधीही न दिसणाऱ्या, भटारखान्यात आणि धुलाईखान्यात राबणाऱ्या माणसांतही वाटली जाते, असे कंपन्या सांगतात. न्यायाच्या दृष्टीने पाहिले तर ही सुधारणाच म्हणायला हवी. हसण्याचे काम ज्याच्या वाट्याला आलेले नाही, त्यालाही आता वाटा मिळू लागला.

पण या सुधारणेत एक फट आहे, आणि माझ्या मते सगळा प्रश्न त्या फटीत अडकलेला आहे. कितीतरी जहाजांवर प्रवासी स्वागतकक्षात जाऊन हे शुल्क कमी करून घेऊ शकतो किंवा पूर्णपणे काढूनही टाकू शकतो. काही जण ते काढतात आणि म्हणतात, आम्ही ज्याचे त्याला हातात रोख देऊ. त्यावर काही कंपन्यांचा नियम असा की ज्या प्रवाशाने शुल्क काढले आहे त्याच्याकडून मिळालेली रोख टिप कर्मचाऱ्याने निधीत जमा करावी. ज्याने शुल्क ठेवले आहे त्याची रोख त्याने खुशाल स्वतःकडे ठेवावी. म्हणजे तीच 20 डॉलरची नोट, तोच देणारा हात, तोच घेणारा हात. आणि तरी एका केबिनबाहेर ती स्टुअर्डची असते, शेजारच्या केबिनबाहेर निधीची. कोणती नोट कोणाची हे ज्या कागदावर ठरते, तो घेणाऱ्याच्या समोर नसतोच. माझ्या विद्यार्थ्याने एका वाक्यात सांगितले होते, "सर, पाकिटातले पैशे माजे, कार्डातले कंपनीचे." कार्ड म्हणजे पगार जमा होतो ते कार्ड. वास्तविक कार्डातले पैसेही त्याचेच होते. पण ते आपले आहेत असे त्याला वाटत नव्हते, आणि या वाटण्याला कारण होते.

एका कंत्राटात त्याची पाठ धरली. तीन आठवडे त्याला जहाजावरच पडून राहावे लागले. त्या काळात हाती आले ते केवळ मूळ वेतन, आणि त्याच्या एरवीच्या मिळकतीपुढे ते फार थोडे होते. वर्षानुवर्षे जिला तो आपली कमाई समजत होता, तिचा मोठा भाग करारानुसार त्याचा पगार नव्हताच. ती परक्यांची मर्जी होती. बँकेकडे घरासाठी कर्ज मागताना पुन्हा तोच अनुभव आला. ज्या पैशांवर घर उभे राहणार होते, त्यांची दखल घ्यायला कागद तयार नव्हता.

समुद्रावरच्या कामगाराला कायदा नाही असे नाही. 2006 चा सागरी कामगार करार 2013 मध्ये अंमलात आला आणि भारताने तो 2015 मध्ये मान्य केला. जहाजावरचा स्टुअर्ड आणि वेटरही त्यात खलाशीच मानला जातो. विश्रांतीचे तास, दरमहा वेतन, वेतनाचा हिशेब, सगळे त्यात आहे. परंतु ज्या जहाजावर अमेरिकन प्रवासी अमेरिकन बंदरातून चढतात, त्यावर ध्वज बहुधा बहामाचा किंवा पनामाचा असतो, आणि परकी ध्वजाच्या जहाजावरील खलाशांना अमेरिकेचा किमान वेतनाचा कायदा लागू होत नाही. त्याच देशात जमिनीवरच्या वेटरची स्थिती तरी काय आहे? टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने रोख द्यायचे केंद्रीय किमान वेतन 1991 पासून ताशी 2.13 डॉलरवर थांबलेले आहे. उरलेला भाग टिपेने भरून निघावा, अशी अपेक्षा. या विचारामागे जुना इतिहास आहे. अमेरिकन यादवी युद्धानंतर पुलमन कंपनीने आपल्या शय्यागाड्यांवर नुकत्याच गुलामीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांना नेमले, तुटपुंजा पगार दिला आणि बाकीचे प्रवाशांवर सोपवले. प्रवासी त्या प्रत्येकाला 'जॉर्ज' म्हणत, कारण मालकाचे नाव जॉर्ज पुलमन होते. पगार प्रवाशाचा, नाव मालकाचे. 1925 मध्ये त्यांनी संघटना बांधली आणि कंपनीशी पहिला करार व्हायला 1937 साल उजाडले.

हे वाचत असताना मला राहून राहून आपल्याकडचे एक विधेयक आठवत होते. 1928 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात महार वतनासंबंधी विधेयक मांडले. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा: हा वतनदार सरकारचा चाकर आहे, त्याला रात्री-बेरात्री सरकारी कामाला जुंपले जाते, पण त्याचा मोबदला मुख्यतः रयतेच्या बलुत्यातून यायचा. चाकरी एकाची आणि भाकरी दुसऱ्याच्या हाती. त्यामुळे रयत रागावली की बलुते बंद. म्हणून बलुत्याचे रोख पट्टीत रूपांतर करावे, ती सरकारने वसूल करावी आणि महाराला सरकारकडून वेतन मिळावे, अशी ती मागणी होती. ते विधेयक त्या वेळी तडीस गेले नाही. जातीच्या बळजबरीची आणि स्वखुशीने पत्करलेल्या परदेशी नोकरीची बरोबरी करण्याचा माझा हेतू नाही. तसे करणे अन्यायाचे होईल. दया पवारांचे 'बलुतं' (1978) ज्यांनी वाचले आहे, त्यांना बलुत्याचा घास कसा गिळावा लागतो हे वेगळे सांगायला नको. पण बाबासाहेबांनी मांडलेले सूत्र जातीच्या पलीकडेही लागू पडते: जो राबवून घेतो तोच मोबदल्याला बांधलेला असला पाहिजे, तिसऱ्याच्या मर्जीवर सोडलेला मोबदला माणसाला लाचार करतो.

या सूत्राने पाहिले की क्रूझवरचे सेवाशुल्क अर्ध्या वाटेवर अडकलेले दिसते. वसुली कंपनी करते, वाटप कंपनी करते, रोख रकमेवर नजरही कंपनी ठेवते. मात्र नाव प्रवाशाच्या औदार्याचे असते, आणि प्रवाशाने ते काढून घेतले तर तूट कर्मचाऱ्याच्या पदरात पडते. हक्काची शिस्त आली, पण हक्क आला नाही.

मार्सेल मोस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने 1925 च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखवून दिले की भेट कधीच निव्वळ भेट नसते. ती परतफेडीचे बंधन घालते. टिपेच्या बाबतीत हे बंधन उलटे चालते. परतफेड आधी होते, भेट नंतर. सात दिवस स्टुअर्ड केबिन लावतो, टॉवेलचे हत्ती-हंस घडवतो, नावे लक्षात ठेवतो, आणि आठव्या दिवशी ठरते की ही सेवा होती की आशा. डेव्हिड फॉस्टर वॉलेस या अमेरिकन लेखकाचा क्रूझवरचा लेख 'हार्पर्स' मासिकात जानेवारी 1996 मध्ये आला. त्यात एक प्रसंग आहे. लेखक आपली बॅग स्वतःच उचलून केबिनमध्ये नेतो, आणि त्यापायी बिचाऱ्या हमालाला वरिष्ठांची बोलणी खावी लागतात. सद्भावनाही तिथे घेणाऱ्यालाच महागात पडते. रोख टिप द्यावी की शुल्क ठेवावे, असे मला कोणी विचारले तर मी सांगतो की शुल्क ठेवा आणि जमल्यास वर रोखही द्या. पण हे उत्तर प्रवाशापुरते आहे. प्रश्न त्याचा नाही.

प्रश्न कोणाचा आहे ते 2020 मध्ये उघड झाले. फेब्रुवारीत योकोहामाच्या धक्क्याला डायमंड प्रिन्सेस अडकली, तेव्हा तिच्यावर 138 भारतीय होते. त्यांतले 132 कर्मचारी. प्रवासी केबिनमध्ये बंद होते आणि कर्मचारी दारोदार जेवणाची ताटे पोचवत होते. मार्चमध्ये जगभरच्या क्रूझ थांबल्या. प्रवासी घरी गेले, आणि त्यांच्याबरोबर टिपेवर उभा असलेला मिळकतीचा भागही गेला. जहाजे मात्र माणसांसकट समुद्रातच राहिली. मरेला डिस्कव्हरी या जहाजावरच्या भारतीय कर्मचाऱ्यांना मुंबईत उतरता आले ते 23 एप्रिल 2020 रोजी. कृतज्ञतेवर आधारलेले अर्थकारण किती लवकर कोसळते, हे आमच्या किनाऱ्यावरच्या घरांनी तेव्हा पाहिले.

याला दुसरा मार्ग नाही असे मुळीच नाही. पी अँड ओ क्रूझेसने 2019 मध्ये वेगळे टिपशुल्क बंद करून ती रक्कम तिकिटातच धरली. तिकिटात धरलेला पैसा काढून घ्यायला प्रवाशाला खिडकी उरत नाही. आता तो पैसा कर्मचाऱ्याच्या मूळ वेतनात पुरेपूर उतरतो की नाही, हे कंपनीला विचारता येते. आणि विचारता येणे हाच मोठा फरक आहे. बक्षिसाचा हिशेब कोणी मागत नाही. पगाराचा मागता येतो.

माझा विद्यार्थी आता सावंतवाडीत स्वतःचे छोटे उपाहारगृह चालवतो. तिथे दोन मुले काम करतात. गल्ल्याशेजारी टिपेचा डबा नाही. गिऱ्हाईक वर काही ठेवून गेले तर ते त्या मुलांचे, त्यात मालकाने बोट घालायचे नाही. आणि पगार दर महिन्याच्या एक तारखेला, गिऱ्हाईक खूश असो वा नसो. ही दोन वाक्ये त्याने कुठे लिहून ठेवलेली नाहीत. जहाजाच्या कंपन्यांनी मात्र ती करारात लिहावीत, एवढेच मागणे आहे.